दाराकडे पाठ

वर्गात पाऊल टाकलं की माझा हात आधी कशाला तरी लागतो. टेबल सरकवायचं, तक्ता उतरवून दुसऱ्या भिंतीला लावायचा, चिंचोक्यांचे डबे खिडकीतून काढून खाली ठेवायचे. घरी केडगावलाही तेच. संध्याकाळी मी स्वयंपाकघर लावते आणि सकाळी नवरा साखरेचा डबा शोधत फिरतो. तो सुप्याला एका कंपनीत आहे. तिथं म्हणे जमिनीवर पिवळ्या पट्ट्या मारलेल्या असतात आणि साधी बादलीसुद्धा आपल्या पट्टीबाहेर ठेवता येत नाही. तुला तिथं दोन दिवसांत वेड लागेल, असं तो म्हणतो. मी म्हणते, दोन दिवसांत मी तुमच्या पट्ट्या हलवून दाखवीन.

हे आधीच सांगून टाकते, कारण त्या वर्षीचा घोळ माझ्या याच खोडीतून सुरू झाला.

पाथर्डी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत माझी बदली झाली होती. शाळेला दोन खोल्या आणि दोन शिक्षक. तिसरी-चौथी मुख्याध्यापक गुरुजींकडे, पहिली-दुसरी माझ्याकडे. गुरुजी त्याच भागातले, निवृत्तीला आलेले आणि शांत. इतके शांत, की मला कधीकधी त्यांचा रागच यायचा. आम्ही चार-पाच शिक्षकांनी मिळून नगरहून एक जीप ठरवली होती. करंजीचा घाट चढून गेल्यावर ती मला फाट्यावर सोडायची आणि तिथून मी शाळेपर्यंत चालत जायची. चालता चालता मनात बस्करपट्ट्या अंथरायची आणि उचलायची. आज पहिलीला खिडकीकडे घेऊ का, दुसरीला मध्ये बसवू का, शब्दांची कार्डं दोरीला टांगू की जमिनीवर मांडू. शाळेत पोचेपर्यंत माझे दोन-तीन वर्ग लावून मोडून झालेले असायचे.

दोन वर्ग एका खोलीत म्हणजे सगळं कसब एकाच गोष्टीत असतं. एकाला शिकवताना दुसऱ्याला गुंतवून ठेवायचं. पहिलीच्या पुढ्यात चिंचोके टाकायचे, दहा-दहाचे ढीग करायला लावायचे, तेवढ्यात दुसरीचं वाचन घ्यायचं. मग दुसरीला चित्र बघून वाक्यं लिहायला बसवायचं आणि पहिलीला मांडीजवळ ओढायचं. मुलांचे हात रिकामे राहिले की संपलं. कुणाची तरी वेणी कुणाच्या तरी हातात जाते आणि कुणाचा तरी खडू कुणाच्या तरी नाकात. मला हे जमायचं. उगाच विनय दाखवत नाही, मला हे फार चांगलं जमायचं.

पण त्या खोलीत एक अडचण होती. फळा आणि दार एकाच भिंतीत. फळ्याकडे बघणारं प्रत्येक पोर दाराकडेही बघायचं आणि दाराबाहेर लगेच रस्ता. दुधाचा टेम्पो गेला, माना वळल्या. मेंढरं गेली, अर्धा वर्ग उभा. ट्रॅक्टर आला तर विचारायलाच नको. मी ओरडून ओरडून थकले आणि शेवटी एका रविवारी नवऱ्याला सोबत घेऊन आले. दारासमोरच्या मागच्या भिंतीवर आम्ही मुलांच्या उंचीचा काळा पट्टा रंगवला. सोमवारी सगळ्या बस्करपट्ट्या उलट्या अंथरल्या. आता मुलांची तोंडं नव्या फळ्याकडे, पाठी दाराकडे. शिवाय दारही लोटून घेतलं. खोलीत अशी शांतता पसरली की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. गुरुजी डोकावले, बघत राहिले. म्हणाले, "झकास हाय. पर ही पोरं दाराशिवाय किती वेळ बसत्यात ते बघा." मी ते मनावर घेतलं नाही.

दुसरीतली एक मुलगी मात्र त्या मांडणीत बसेना.

ती आमच्या शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींची नात. काटक, गप्प, डोक्याला खोबरेल चोपडलेली. बसायची ती कायम पट्टीच्या टोकाला, दाराला सगळ्यात जवळ. तिला मध्ये बसवलं की थोड्या वेळानं सरकत सरकत ती पुन्हा टोकाला आलेली असायची. बेरजा पटापट करायची, पण वाचनात अडकायची. अक्षरं येत होती, शब्दही जुळत होता, पण वाक्य काही पुरं होत नव्हतं. "बकरी झाडा..." इथपर्यंत यायची आणि बाहेर इंजिनाचा आवाज झाला की संपलं. बोट शब्दावर तसंच ठेवून कान बाहेर. मग करंगळी वर. "बाई, लघवीला." प्रत्येक गाडीला लघवी. सुरुवातीला मला तिची काळजी वाटली, मग राग यायला लागला. एकदा मी जाऊच दिलं नाही. ती रडली नाही, हट्टही केला नाही, नुसती दप्तर पोटाशी धरून बसली. तो ट्रॅक्टर लांब गेला, आवाज विरला, मग कुठं तिचे खांदे खाली आले.

आणखी एक गोष्ट. सगळ्यांच्या चपला दाराबाहेर ओळीनं असायच्या. ती ओळ हा माझा अभिमान होता, खडूनं रेघ मारून दिली होती मी. हिच्या चपला त्यात कधीच नसायच्या. एकदा तिचं पुस्तक मागितलं तर पानापानावर माती. दप्तर उघडलं, तर आत चपला, पुस्तकांच्या अगदी वर, झटकन हाताशी येतील अशा. चोरीला जातात का गं, असं मी विचारलं. तिनं मान हलवली, ती हो होती की नाही ते मला कळलं नाही. मी चपला बाहेर ठेवायला लावल्या. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दप्तरात.

दसऱ्याच्या आधीपासून त्या भागात एकच बोलणं सुरू होतं. कोणाची टोळी कुठल्या कारखान्यावर, कुणाची गाडी कधी. वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आईबाप ऊसतोडीला जाणारे. काही मुलं आजी-आजोबांपाशी राहायची, काही सोबत जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमाराला परत यायची ती सगळी अक्षरं उसाच्या फडात विसरून. मी घरोघरी फिरले. लेकरं इथं ठेवा म्हणून डोकं खाल्लं लोकांचं. या मुलीला तिची आई यंदा नेणार होती. घरात धाकटा रांगायला लागला होता, आई फडात उतरल्यावर त्याच्याकडे कोण बघणार? गेल्या वर्षी तो नव्हता म्हणून हिला आजीपाशी ठेवलं होतं. मी त्या बाईच्या मागंच लागले. पोरगी वाचनाच्या अगदी काठावर आहे, आता तोडली तर पुन्हा श्रीगणेशापासून सुरुवात, हे मी तिला अंगणात सांगितलं, विहिरीवर सांगितलं, बाजारात गाठूनही सांगितलं. शेवटी तिनं धाकट्यासाठी टोळीतली एक म्हातारी ठरवली आणि मुलीला ठेवायचं कबूल केलं. त्या दिवशी घाट उतरताना मी जीपमध्ये अशी बडबडत होते की शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आज, पगारवाढ झाली का?

दसरा झाला. एका दुपारी मुलं खिचडी खात होती तेव्हा ती आई शाळेत आली. मुलीच्या नजरेला पडणार नाही अशी, खोलीच्या मागच्या बाजूनं. मला खुणेनं बोलावलं. गाडी बहुतेक परवा येणार, असं म्हणाली. सामान तर आठवड्याभरापासून बांधून ठेवलेलं, मुकादमाचा निरोप आला की निघायचं. मग पदर बोटाभोवती गुंडाळत ती म्हणाली, "बाई, तुमी तेवढं पोरीला गुतवून ठेवा. गाडी गेली की मग सोडा. गेल्या सालीबी आमी तसंच केलं. ती हितं साळंत हुती, आमी गेलो. रडारड नको निगताना."

तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. पुढं चौकशी केली तेव्हा कळलं की त्या वस्त्यांवर ही रीतच आहे. लेकरू शाळेत गेलं की गाडी काढायची. समोर रडलं तर अपशकुन, शिवाय आईचा पाय निघत नाही. लेकरू दुपारी घरी येतं तेव्हा चूल थंड असते, आजी गूळ-शेंगदाणे देते, दोन दिवस रडतं आणि मग गप्प होतं. वर्षानुवर्षं चाललेलं. कुणी दुष्टपणानं करत नव्हतं, उलट मायेनंच करत होते.

मी वर्गात परत आले. मुलं हात धुऊन बसली होती, तोंडं माझ्या देखण्या काळ्या पट्ट्याकडे, पाठी दाराकडे, दार लोटलेलं. ती टोकाला, दप्तर मांडीवर. जूनपासून ती मुलगी पहारा देत होती. आपण वर्गात बसलेलो असतो तेव्हा आईबाप जातात, एवढं तिला शाळेनं पक्कं शिकवलं होतं, आणि मी आल्या आल्या तिच्यासमोरचं दार लोटून घेतलं होतं. त्या दुपारी मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. डबे उचलले, ठेवले. कार्डं उतरवली, पुन्हा टांगली.

गुरुजींना सांगितलं, तर ते खुर्चीत रेलले. गेल्या वर्षी पहिली-दुसरीच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्या मुलांना त्यांनीच गोष्टी सांगत बसवलं होतं, असं म्हणाले. चांगली लांबलचक गोष्ट. एकाही पोराला गाडी गेल्याचं कळलं नाही. त्यांचं म्हणणं असं, की आपण मध्ये पडू नये. एका वर्षी एका पोराला कळलं, ते गाडीमागं फाट्यापर्यंत पळालं, गुडघे फुटले, शेवटी आईनं उतरून त्याला वर घेतलं, आणि त्या पोराची शाळा तिथंच संपली. "मॅडम, तुमीच म्हनत हुता ना, पोरगी हितं ऱ्हायली पायजे? मग ऱ्हाऊ द्या की."

हीच तर गोची होती. सांगावं तर मुलगी आईबरोबर जाईल आणि मी चार महिने काठावर आणून उभी केलेली पोर फडात धाकट्याला कडेवर घेऊन फिरेल. न सांगावं तर ती इथं राहील, पण कशी? दप्तरात चपला घालून, पुन्हा टोकाला. तिला वाचायला कोण शिकवणार, मी? जिच्या खोलीत बसलं की आई नाहीशी होते ती बाई? घरी गेल्यावर फडताळ रिकामं करायला घेतलं, तसं नवऱ्यानं डबे हातातून काढून घेतले आणि विचारलं, झालं काय. सांगितल्यावर त्यानं डबे एकेक करून फडताळात परत ठेवले. मग म्हणाला की त्याला लहानपणी आजोळी ठेवून आई अशीच गेली होती, पाठीमागच्या दारानं. तो आठवडाभर गोठ्यात बसून होता, कारण तिथून वाट दिसायची. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. अंगणात बोचकी रचलेली, बाज दोरीनं आवळलेली, कोंबड्या डालग्याखाली. मुलगी बोचक्यांना टेकून बसली होती. मला बघून उठली नाही. मी तिच्या आईला बाजूला घेतलं. सांगितलं, मी गुंतवून ठेवणार नाही. दार उघडं ठेवणार आहे. गाडी शाळेवरूनच जाणार, तेव्हा उतरा, वर्गात या आणि पोरीला सांगून जा.

तिचा चेहरा कसनुसा झाला. "आन ती रडली, मागं लागली, तर? मला न्यावीच लागंल, बाई. मग तुमचं शिकवनं कुटं ऱ्हातं?"

मी म्हटलं, तर न्या.

इतके दिवस विहिरीवर न् बाजारात जे बोलले त्यावर मी स्वतःच पाणी फिरवत होते. ती वाकून बाजेची दोरी पुन्हा आवळायला लागली. पलीकडे चुलीपाशी मावशी बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी निघाले तरी त्या भाकरी थापत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले. सगळ्या पट्ट्या पुन्हा फिरवल्या. दाराकडे तोंड करून अर्धगोल. रंगवलेला पट्टा मागं राहिला, जुना खडबडीत फळा पुढं आला. दाराची दोन्ही फळकुटं सताड उघडली आणि ती वाऱ्यानं आपटू नयेत म्हणून मध्ये विटा लावल्या. मुलं आली, बघून हसली, की बाईंनी पुन्हा फिरवलं. ती आली, दारात थांबली. अर्धगोलाकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. मग आत येऊन मध्यभागी बसली, पहिल्यांदाच. आता कुठूनही रस्ता दिसत होता. दप्तर मात्र मांडीवरच होतं.

तो तास मी कसा काढला ते मलाच माहीत. पहिलीला चिंचोके दिले आणि दुसरीला वाचायला घेतलं. दुधाचा टेम्पो गेला, एक मोटारसायकल गेली, माना वळल्या, परत आल्या. मी ओरडले नाही, कारण मीही वळत होते. खिचडीचा वास यायला लागला तेव्हा वस्तीकडून ट्रकचा आवाज आला. ती उभी राहिली. माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बघ, बघायला काही हरकत नाही.

ट्रक आला. वर बोचक्यांवर बोचकी, बाजा उलट्या बांधलेल्या, त्यांच्या पायांना कळशा लटकलेल्या, मध्ये बायामाणसं. दारासमोरून गेला आणि थांबला नाही. पुढं निघूनच गेला. मुलीचा चेहरा मी बघितला आणि मला त्या बाईचा असा संताप आला की मी हातातला खडू मोडला. इतकं सांगितलं, तरी? मुलगी दाराकडे निघाली होती, दप्तरात हात घातलेला. मी तिला अडवणार की सोडणार, ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं.

तेवढ्यात पुढच्या वळणाशी ब्रेक करकरला. थोड्या वेळानं तिची आई रस्त्यानं चालत येताना दिसली, कडेवर धाकटा. दाराशी आली, चपला काढल्या, उंबऱ्यापाशीच उकिडवी बसली. आत यायला तिला संकोच वाटत असावा. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता.

"मी चालले," ती मुलीला म्हणाली. "पाडव्याला येते. आजीला तरास देऊ नगं."

मुलीनं धाकट्याकडे बघितलं. मग तिनं विचारलं, "आत्ताच?"

"व्हय. आत्ता."

मुलीनं दप्तरातून चपला काढल्या, जमिनीवर ठेवल्या आणि पायात घातल्या. गेली, असं मनात म्हटलं. आईनं माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत माझ्यावर राग होता आणि विनवणीही होती. मी काहीतरी बोलावं असं तिला वाटत होतं. मी खाली पडलेला मोडका खडू उचलला. दोघी बाहेर पडल्या. सगळी मुलं दारात गोळा झाली, मी त्यांच्या मागं. गुरुजीही आपल्या खोलीच्या दारात आले.

ट्रकपाशी पोचल्यावर कुणीतरी पुरुषानं, बहुधा तिच्या बापानं, मुलीला उचललं आणि वर घेतलं. ती बोचक्यांमध्ये दिसेनाशी झाली. खरं सांगते, त्या क्षणी मला वस्तीवरच्या त्या रीतीचं शहाणपण पटायला लागलं होतं. मग पुन्हा तोच पुरुष वाकला आणि त्यानं तिला खाली सोडलं. पाठोपाठ आई वर चढली. चाकापुढं नारळ फुटला. ट्रक हलला आणि मुलगी रस्त्यात उभी राहून मोठ्यानं रडायला लागली, सगळ्या रानाला ऐकू जाईल असं. वर्गातल्या आणखी दोघांचे आईबाप त्याच ट्रकमध्ये होते. तीही सुरू झाली. त्यांना बघून पहिलीची पोरं रडायला लागली, कारण पहिलीच्या पोरांना तेवढं पुरतं.

मावशी उलथनं हातात घेऊन धावत गेल्या आणि नातीला पोटाशी धरलं. परत येताना माझ्यासमोर थांबल्या. म्हणाल्या, "झालं का मनासारकं?" आणि तिला घेऊन सरळ घरी गेल्या. खिचडी गुरुजींनी आणि मी वाढली. खाली लागली होती. कुणी धड खाल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मावशी यायच्या, शिजवायच्या आणि माझ्याकडे न बघता निघून जायच्या. गुरुजींनी मला एका शब्दानंही टोचलं नाही, तेच जास्त टोचत होतं. मी पट्ट्या फिरवल्या नाहीत, कशालाच हात लावला नाही. नवऱ्याला दोन्ही दिवस साखर जागच्या जागी मिळाली, तर तो घाबरला.

मग एका सकाळी ती दारात उभी होती. आजीनं वेणी घट्ट घातलेली, डोळे अजून सुजलेले. तिनं दारात थांबून चपला काढल्या आणि खडूच्या रेघेवर, इतरांच्या चपलांशेजारी ठेवल्या. आत येऊन बसली. नंतर वाचनाच्या वेळी माझ्याजवळ आली तेव्हा मी न राहवून हळूच विचारलं, ट्रकवर कशाला चढली होतीस गं?

"आई कुटं बसली ती जागा बघाया," ती म्हणाली. "वरच्या अंगाला, गोधड्यांवर. चांगली हाय जागा." आणि तिनं पुस्तक उघडलं.

दिवाळीच्या सुट्टीच्या अगदी तोंडावरची गोष्ट. दुसरीच्या मुलांना मी शब्दांची कार्डं दिली होती, जमिनीवर मांडून वाक्य करायचं होतं. दार सताड उघडं होतं. त्या दिवसापासून मी ते लोटायला धजतच नव्हते, विटा तशाच होत्या. बाहेर गार वारं सुटलेलं. कार्डं सारखी उडत होती आणि ती मुलगी हातानं, गुडघ्यानं, कोपरानं ती दाबून धरत होती. तेवढ्यात रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. मी दाराकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं. तिची मान खालीच होती, बोट शब्दावर, ओठ हलत होते.

"बाई," ती वर न बघताच म्हणाली, "दार लोटा की. माजं वाक्य उडतंय."

मी उठले, विटा बाजूला केल्या आणि दार लोटून घेतलं. ट्रॅक्टर अजून जात होता. मी फटीतून तो लांब जाईपर्यंत बघत उभी राहिले.